अव्वा, मी बरा आहे

"चाळीस मेल, दिपक. चाळीसच्या चाळीस तुझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून." इन्स्पेक्टर सिद्धेश्वरी मॅडमनी कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. "आणि पाठवणारा कोण, तर शिवकुमार. जो मार्चपासून कुणाला दिसलेला नाही."

सोलापुरात दिपकचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. माणूस सरळ, पण नसती उठाठेव त्याला कधी टाळता आली नाही.

"मीच लिहिले, मॅडम. पण त्याच्या आईसाठी लिहिले."

आई म्हणजे वळसंगची नागव्वा. पेन्शनच्या फॉर्मसाठी तिचं मेलखातं त्यानंच उघडलं होतं. तेव्हा फॉर्म भरता भरता ती घरचं सगळं सांगून बसली. नवऱ्याला शेतातच, त्यांच्या रीतीप्रमाणे, मांडी घालून बसवून माती दिली होती. शेजारी तिनं स्वतःसाठीही खड्डा खणून घेतला होता.

"पोरगं दारूत असतंय. मागनं माझ्यासाटी कोण खणतंय?" म्हणाली आणि खुदकन हसली.

मग मार्चमधल्या एका सोमवारी ती आली, ती डोळ्याखाली काळंनिळं घेऊन.

"पडले," म्हणाली. "शिवकुमार पुण्याला गेलाय. फोन न्हाय त्याच्याकडं. मेल धाडतो म्हणलाय. बघ की."

मेल नव्हता. पुढच्या सोमवारीही नव्हता. म्हातारी बाकावर बसून अशी रडली, की दिपकला ते बघवेना. तिसऱ्या सोमवारी त्यानं शिवकुमारच्या नावानं खातं उघडलं आणि लिहिलं, 'अव्वा, मी बरा आहे. काळजी करू नको.'

तेव्हापासून ती दर सोमवारी यायची. पिशवीत फुलांचे दोन हार असायचे. एक नवऱ्याच्या समाधीला, दुसरा देवाला असेल, असं दिपकनं धरून ठेवलं होतं. तो वाचून दाखवायचा, ती खाली मान घालून ऐकायची. शेवटी म्हणायची, "छापून दे. तारीख येऊ दे त्याच्यावर."

"त्याची मोटारसायकल परवा विहिरीतून निघाली," मॅडम म्हणाल्या. "तो परत यायचा नाही, हे माहीत असल्याशिवाय त्याच्या नावानं कोण लिहील?"

दिपकनं गठ्ठ्यातला वरचा कागद उचलला. पुण्यात थंडी पडलीय, जेवण चांगलं मिळतं, दारू सोडली. कुणाच्या तोंडून तो हे बोलत होता? घरी त्याच्या बायकोला, संघप्रियाला, सातवा महिना लागला होता. ती बाळंत होईल तेव्हा आपण कुठे असू?

तो कागद उलटत राहिला. शेवटच्या पानावर नागव्वाच्या खात्याची नोंद होती. तिथे तो थांबला.

"मॅडम, आलेले चाळीस. तिच्याकडून गेलेला एकही नाही."

"मग?"

"घरी कधी येतोस, एवढंसुद्धा तिनं माझ्याकडून कधी लिहून घेतलं नाही."

बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

जबाबासाठी बोलावलेली नागव्वा बाहेरच बसली होती. मॅडमनी तिला आत घेतलं, खुर्ची दिली आणि पोराला एकदाही उत्तर का धाडलं नाही, ते विचारलं. तिनं दिपककडे बघितलं.

"ह्या पोराला सोडा, बाई," ती म्हणाली. "त्याचा काय बी गुन्हा न्हाय. लई ग्वाड वाचायचा. माझा ल्योक मला असं कदी बोललाच न्हाय."

तिनं पिशवीतून दोन्ही हार काढले आणि टेबलावर ठेवले.

"आता मला शेतात जाऊ देणार न्हाईसा. कुणाच्या तरी हातनं तेवडं धाडा. ह्यो धन्याचा. आन् ह्यो शिवकुमारचा. माझ्या जागंवर बसवलाय त्याला."