जॉनची पेनी

“हेन्री! परत हेन्रीच!”

डोरीन पास्कनं भिंग टेबलावर आपटलं. चहा केव्हाच निवून गेला होता. दिव्याखाली अंगठ्याच्या नखाएवढी शेकडो वर्षांपूर्वीची चांदीची पेनी पडली होती. हातोड्यानं ठोकून पाडलेली, त्यामुळे शिक्का एकीकडे उठलेला, दुसरीकडे पुसट. राजाचं डोकं म्हणजे नुसता बटाटा. पण नाव मात्र नेमकं धडधडीत वाचता येत होतं. हेन्री राजा.

“मग हेन्रीची असेल,” जॉन म्हणाला. तो सिंकपाशी कोपरापर्यंतची काजळी धूत होता.

“हेन्रीची कशी असेल? तुझं नाव जॉन आहे!”

जॉन जन्मला त्याच आठवड्यात त्याच्या बापाला, रोलंडला, ही पेनी बीटच्या शेतात सापडली होती. चिखलाच्या बुटांनी तो तसाच इस्पितळात शिरला. “राजा जॉनची आहे, डोरीन! पोराचं नाव ठरलं!” डोरीननं एड्रियन नाव मनाशी कधीचं पक्कं केलं होतं. पण त्याचा तो चेहरा पाहून तिनं एड्रियन सोडून दिला. पुढं घरी येणाऱ्या प्रत्येकाला ही पेनी पाहावी लागली, अगदी गॅसवाल्यालासुद्धा. रोलंड गेल्यावर ती चर्चच्या हॉलमधल्या नाण्यांच्या मंडळात जाऊ लागली, पुस्तक आणलं, भिंग आणलं. आणि शिकून काय मिळवलं? तर नवऱ्यानं आयुष्यभर थाप मारली.

फोन वाजला. जॉननं ओल्या हातानंच उचलला.

“रोलंड पास्क, धुराडी सफाई. हो, हो. उद्या सकाळी.”

डोरीन भडकली. “स्वतःचं नाव सांगायला तोंड दुखतं का रे तुझं? बाप जाऊन दोन हिवाळे झाले. गाडीवर अजून त्याचंच नाव!”

“लोकांना ते नाव माहीत आहे, आई.”

“आणि तुझं कधी माहीत होणार? मी गेल्यावर?”

जॉन पुन्हा साबण घेऊन हात घासत राहिला. तो असाच. बोललं की धुवायला लागायचा.

मागच्या दारानं शेजारची बेरिल आली, केकचा डबा परत द्यायला. मंडळात सगळ्यांत जुनी तीच. न विचारताच तिनं पेनी उचलली आणि खिडकीपाशी नेली.

“अगं, ही जॉनची!”

“बेरिल, मी नवशिकी आहे, आंधळी नाही. हेन्री लिहिलंय त्यावर.”

“लिहिलेलं असणारच. नाव काय बघत बसलीस? राजाच्या केसांच्या बटा बघ. दोन्ही कानांशी सारख्याच आहेत ना? हेन्रीच्या वेळच्या नाण्यात एकीकडे कमी असतात, दुसरीकडे जास्त. सगळे नवशिके इथंच आपटतात. मीही आपटले होते, आणि तेही चारचौघांत.”

“पण मग नाव?”

“नाव बापाचं. हेन्री मेला, थोरला रिचर्ड गादीवर आला, त्याच्यामागून धाकटा जॉन. इंग्लंडात दोघांनीही नाणी पाडली ती बापाच्याच नावानं.”

“स्वतःचं नाव घालायला काय झालं होतं त्यांना?”

“लोकांनी नाणं घ्यायला नको? ओळखीचं नाव असलं की कुणी कुरकुरत नाही.” बेरिलनं पेनी डोरीनच्या तळहातावर ठेवली. “तुझा रोलंड फुशारक्या मारायचा खरा. पण ही थाप नव्हती हो.”

डोरीननं मूठ मिटली. खिडकीबाहेर गाडी उभी होती. तिच्यावरची रोलंडच्या नावाची अक्षरं कुणीतरी नुकतीच नव्यानं रंगवली होती. हे तिच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. जॉन फेसाळलेल्या हातांनी वळला, पण या वेळी डोरीननंच उचलला.

“रोलंड आहेत का?” कुणा म्हातारीचा आवाज होता. “आमचं धुराडं तुंबलंय.”

डोरीननं सिंकपाशी उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं. कानामागं काजळी तशीच राहिली होती.

“आहेत ना,” ती म्हणाली. “जॉनला पाठवते.”