खांद्याला न रुतणारा पट्टा

निवृत्त झाल्यावर सायमन मास्तरांना डिस्क गोल्फचा नाद लागला. साखळ्यांच्या टोपलीत चकत्या फेकायचा हा खेळ रोज सकाळी रंगायचा, पण चकत्यांची जड बॅग वाहून त्यांच्या खांद्यावर वळ उठायचे.

शेवटी फिलोमिनाबाईच त्यांना भिंगारच्या बाजारात जैनुद्दीनच्या बॅगांच्या दुकानात घेऊन गेल्या. एकेक पट्टा नवऱ्याच्या खांद्यावर चढवून त्यांनी ओढून, दाबून पाहिला. "हा रुततोय का? वाकून दाखवा बघू. आता तो जिना चढून या."

"हा रुंदवाला घ्या भाभी, आतून लई मऊ हाय," जैनुद्दीन म्हणाला. "मास्तर, नशीबवान हाय तुमी. आमच्या घरी खेळाचं नाव काढलं तरी भांडण हुतं."

मास्तरांना भरून आलं. आपल्या खांद्याची एवढी काळजी आजवर कुणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शीळ घालत त्यांनी नव्या पट्ट्याची बॅग उचलायला हात घातला, तर ती जागची हलेना. उघडून पाहिलं, तर मोठ्या कप्प्यात गहू आणि बाजूच्या कप्प्यात बाजरी.



स्वयंपाकघरातून लाडिक आवाज आला, "अहो, बाजरी जरा जाडसर दळायला सांगा हं!"