क्राउसांची बादली

गाडी फाटकाशी थांबली आणि साठीचा एक माणूस बादली घेऊन उतरला, तेव्हा वेन्डेल क्राउसने ओसरीवरूनच बायकोला हाक दिली, "लोरेटा, कॉफी टाक. आणखी एक आलाय."

माणसाला वर टक्कल होतं आणि मागे पांढऱ्या केसांची शेपटी. फाटकावर ठोकलेल्या फळीपुढे तो टोपी काढून उभा राहिला. फळीवर रंगाने लिहिलं होतं : '१९६९ साली नेलेली बादली परत करा. – क्राउस.'

त्या ऑगस्टात पलीकडच्या टेकडीवर गाण्याबजावण्यासाठी लाखो पोरं लोटली होती. नाव वुडस्टॉक गावाचं झालं, चिखल मात्र इथल्या बेथेलच्या वाट्याला आला. रस्ते तुंबले, दुधाचा टँकर फिरकेना, आणि गाईंना हे कुणी कळवलेलं नव्हतं. दूध ओतून द्यायचं त्यापेक्षा लोरेटाने ते कुंपणाशी आलेल्या उपाशी पोरांना बादलीभर दिलं. पोरं गेली, बादलीही गेली. तुडवलेला मका वेन्डेलने सोसला, शेकोटीत गेलेलं कुंपणही सोसलं; पण बादली त्याच्या मनाला लागली. कुंपणाच्या उरल्यासुरल्या फळीवर त्याने पाटी रंगवली. लोरेटाला पाटीची लाज वाटायची. "बादली आली की त्याच दिवशी काढीन," त्याने तिला शब्द दिला होता.

पुढे वर्षानुवर्षं बादल्या आल्या, खरी सोडून. त्या तीन दिवसांतलं धड काही आठवत नसलेल्या प्रत्येकाला, बादली आपणच नेली एवढं मात्र पक्कं आठवत होतं. दातांच्या एका डॉक्टराने प्लास्टिकची आणली. एकाच्या बादलीवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती. एक बाई किटली घेऊन आली आणि ओसरीवर रडली. वेन्डेल प्रत्येकाला म्हणायचा, "हीच ती." मग कॉफी, लोरेटाच्या हातचा, ब्लूबेरी भरून भाजलेला गोड 'पाय', आणि अंधार पडेपर्यंत गप्पा. गाई विकल्या गेल्या, मुलं कॅलिफोर्नियात गेली. गोठ्यातल्या खुंट्यांवर आता बादल्या होत्या.

"मी लायल," पाहुणा म्हणाला. "ओहायोहून आलो. मिस्टर क्राउस, तो मीच."

"बसा. सगळे तेच म्हणतात."

वेन्डेलने नेहमीसारखी बादली हातात घेतली, आत डोकावल्यासारखं केलं, आणि 'हीच ती' म्हणायला तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. कडी एका बाजूला कुंपणाच्या तारेने बांधलेली होती. तो पीळ त्याचा स्वतःचा होता. खाली पोचा होता. मेबल गाईची लाथ.

"दूध टेकडीवर पोचेपर्यंत संपलं," लायल सांगत होता. "मग पाऊस आला, तेव्हा आळीपाळीने डोक्यावर धरली. पुढे माझ्या मुलीला अंघोळ हिच्यातच घातली. परत आणायची लाज वाटत होती."

"चाळीस वर्षं?"

"लाज बरीच होती."

लोरेटा कॉफी घेऊन दारात उभी होती. तिची नजर बादलीवर होती.

"हीच ती," वेन्डेल म्हणाला. आवाज नेहमीसारखाच काढायचा त्याने प्रयत्न केला.

लायलने डोळे पुसले, 'पाय'चे दोन तुकडे खाल्ले आणि निघताना फाटकापाशी वळून म्हणाला, "आता तरी पाटी काढाल ना?"

"शब्द दिलाय मी."

गाडी वळणाआड गेली. रस्ता रिकामा झाला. एरवी रिकामा रस्ता वेन्डेलच्या डोळ्यांना कधी खुपला नव्हता. शनिवारी टेकडीवर जुनी मंडळी जमणार होती, आणि त्यांतली दोन-चार तरी इकडे वळली असती. पाटी नसली तर कशाला वळतील? ती हसण्याखिदळण्याची ओसरी, तो ब्लूबेरीचा 'पाय', ते "तुम्हाला सांगतो, त्या रात्री..." सगळं त्या एका फळीवर टांगलेलं होतं.

त्याने हातोडा आणला. शब्द म्हणजे शब्द. पहिला खिळा उपसताना इतका चिकटून बसला होता, की वेन्डेलला त्याचा आदर वाटला. दुसऱ्याला हातोडा लावला, तोच लोरेटा बादली घेऊन फाटकाशी आली.

"काय करतोयस?"

"आपली बादली आली."

लोरेटाने बादली फिरवून फिरवून पाहिली. तारेच्या पिळावरून अंगठा नेला.

"ही आपली नव्हे," ती म्हणाली. "आपलीला पोचा डाव्या बाजूला होता."

"बादली गोल असते, लोरेटा."

"मला नको शिकवू. धारा मी काढत होते."

वेन्डेल तिच्याकडे बघत राहिला. ती फळीकडे बघत होती.

"कलली आहे," ती म्हणाली. "हातोडा आणलाच आहेस तर सरळ करून ठोक. रस्त्यावरून वाचता येत नाही."

आणि बादली कोपरात अडकवून, पूर्वी गोठ्याकडे निघायची तशी, ती शनिवारच्या 'पाय'साठी ब्लूबेरी तोडायला परसात गेली.