काटा मधोमध येईपर्यंत

सवत परवडली असती, पण नवऱ्याची ही चाळीस वर्षांची जपानी गाडी नको. दर रविवारी हे बॉनेटमध्ये डोकं खुपसून कार्बोरेटरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवणार आणि मला शेजारी उभं करून विचारणार, "ऐकलंस? आता कशी एका सुरात चालतेय!" गाडीतली बारीकशी खडखड यांना गल्लीच्या टोकावरून ऐकू येते, घरात मी घसा फोडून ओरडले तरी नाही. आणि नियम एकच: गाडी सुरू केल्यावर तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत जागची हलवायची नाही. थंड इंजिन पळवलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणे.

परवा सकाळी सासरे बाथरूममध्ये कोसळले. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात लुळा. आम्ही दोघांनी त्यांना कसंबसं मागच्या सीटवर आडवं केलं, डोकं माझ्या मांडीवर. इंजिन सुरू झालं, पण गाडी काही हलेना.

"अहो, निघा ना!"

"पाचच मिनिटं. काटा वर येऊ दे."

माझ्या मांडीवर बाबांना घरघर लागली होती आणि हे काट्याकडे बघत बसले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. "थोडं आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाले.

हे बाहेर आले, डोळे पुसले, बॉनेटवरून हात फिरवला आणि मला म्हणाले,

 

"एवढी जुनी, पण ऐन वेळी दगा नाही दिला हिनं."