होतं तिथंच

"काका, हे आता असंच राहणार. सवय होईल."

सकाळपासून शेखरने हे वाक्य सतराव्यांदा म्हटलं असेल. चार दिवसांपूर्वी मोबाईलमध्ये आपोआप अपडेट आलं, आणि मोताळ्याच्या बाजाराला आलेली अर्धी माणसं त्याच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. कोणाची अक्षरं बारीक झाली, कोणाचं घड्याळ हरवलं. बोलून बोलून त्याची जीभ जात्यासारखी जड झाली होती.

हिंमतराव मात्र हलले नाहीत.

"सवय नाही पायजे मले. फोनची हिरवी खूण खाली होती, डाव्या कोपऱ्यात. होती तिथंच पायजे."

"आता मधात आली ना. मोठी आहे, उलट बरी दिसते."

"दिसाचं राहू दे बापा. मंगळवारी फोन लावता आला नाही. पाय मुरगळून दुपारभर विहिरीपाशी बसून राहावं लागलं."

शेखरने वाकून पाहिलं. पाय आता बरा दिसत होता.

"मग बटनांचा मोबाईल घ्या. झंझट नाही."

"त्यात आमच्या सुचिताच्या पोराचं बोलणं कुठून ऐकू येईन? रोज धाडते ते, पुण्याहून."

उसासा टाकून शेखर सेटिंगमध्ये शिरला. मोबाईलही मालकासारखाच हट्टी. उजेड पार तळाला गेलेला. पडद्यावर दोनच खुणा. आणि वरून चिकटवलेल्या काचेला तडा. वरच्या कोपऱ्यातून निघून ओढ्यासारखा वळत वळत खाली डाव्या अंगाला उतरलेला. हिरवी खूण त्याने तड्याच्या खालच्या टोकाशी नेऊन बसवली.

"काच बदलू?"

"दरखेपी इचारतं, दरखेपी नाही म्हणतो. तरी तुले सवय झाली नाही काय बे?"

शेखरला हसू आलं. "बोटाला लागेल एखाद्या दिवशी."

"लागू दे. बाईले लुगड्याच्या दुकानात बसवली हाय. घेऊन येतो."

ते गेले. शेखरने मोबाईल पुन्हा हातात घेतला. सकाळपासून सगळ्यांना नाहीच म्हणून झालं होतं. एकाला तरी काही द्यावं असं वाटलं. म्हातारा पैशापायी नको म्हणतो, दुसरं काय. त्याने जुनी काच सोलली, तिचे हातातच तुकडे झाले. नवी बसवली. उजेडही वाढवला. पडदा पहाटेच्या तळ्यासारखा झाला. पैसे घ्यायचे नाहीत, हे त्याने ठरवूनच टाकलं.

हिंमतराव परतले. मागे अन्नपूर्णाबाई, बाजाराच्या गर्दीत त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून, जराशा लंगडत.

"दे तिच्याच जवळ," हिंमतराव पायरीवरून म्हणाले.

शेखरने मोबाईल पुढे धरला. बाईंचा हात उठला नाही. हिंमतरावांनीच तो घेऊन त्यांच्या तळहातावर ठेवला.

अन्नपूर्णाबाईंचा अंगठा वरच्या कोपऱ्यात गेला, घसरत खाली आला, थांबला. पुन्हा वर गेला. पुन्हा घसरला. चेहरा समोरच्या कोऱ्या भिंतीकडे होता.

"अवो," त्या म्हणाल्या, "हा दुसऱ्या कोणाचा देला यानं. माह्या मोबाईलवर वाट हाय. बोट धरून नेते ते मले."