पाटावरची हार्डडिस्क

"आई, हे बघा," म्हणत सुनेने, ऋचाने, हार्डडिस्कचं कवच उघडलं आणि शरयूताई चष्मा सावरत पुढे वाकल्या. आतल्या हिरव्या सर्किटवर कुंकू वाळून बसलं होतं. कडेला अक्षतांचा एक दाणाही चिकटला होता.

दसऱ्यापासून डिस्क बंद पडली होती. गेलेल्या नवऱ्याचा आवाज जगात तेवढाच उरला होता, तिच्यातल्या व्हिडिओंमध्ये. ऋचानेच ती पाडली असणार असं मनाशी धरून शरयूताईंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि आता त्यांना आठवत होता तो स्वतःचाच हात. पूजेच्या पाटावर सुरी-कात्रीशेजारी मोठ्या मायेने डिस्क मांडणारा, हळदकुंकू वाहून वर पळीभर पाणी सोडणारा.

"मीच गं," त्यांच्या तोंडून कसंबसं फुटलं. "एकदा गेलेच होते, आता दुसऱ्यांदा मीच घालवलं ह्यांना."

ऋचाने जुना टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून सर्किट हलक्या हाताने घासलं, पंख्याखाली वाळवलं आणि वायर जोडली. बराच वेळ काही झालं नाही. मग डिस्क घरघरली.

पहिलाच व्हिडिओ उघडला तो गेल्या वर्षीच्या दसऱ्याचा. तोच पाट, त्यावर लॅपटॉप, पळी धरलेला शरयूताईंचा हात. आणि मागून नवऱ्याचा हसरा आवाज:

"अगं अगं, पाणी नको! विजेच्या वस्तूला नुसतं फूल वाहावं. दर दसऱ्याला काय मीच हात धरायचा तुझा?"