थोरल्या बाईंची फाईल

पडद्यावर ‘फूट’ दिसत होतं. थोरलीने ते पाहिलं, नीट पाहिलं, आणि तसंच ठेवून बटण दाबलं. सकाळी देवापुढे जोडलेल्या हाताच्याच बोटाने.

नकाशातली माहिती ड्रॉइंगच्या फाईलमध्ये उतरवताना संगणक दर वेळी विचारायचा, मापं कशात? तो आपला आधीच फूट धरून बसलेला. आपण हाताने मीटर निवडायचं, एवढंच. आज तिने निवडलं नाही. आकडे मीटरचे, त्यांवर शिक्का फुटांचा. फाईल पलीकडच्या टेबलावर उघडली की टाकीपासून दवाखान्यापर्यंतची अख्खी पाइपलाइन आक्रसून तिसऱ्या हिश्श्यावर येणार होती. स्वतःकडची प्रत मात्र तिने मीटरमध्ये करून ठेवली. वेळेला दाखवायला.

पलीकडच्या टेबलावर तिची धाकटी जाऊ बसायची. ऑफिसात सगळे त्यांना थोरल्या बाई, धाकट्या बाई म्हणत. घरात स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घातली, तेव्हापासून दोघींचं धड बोलणं नव्हतं. त्यात धाकटी याच ऑफिसात ड्रॉइंगच्या कामाला लागली आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. आज साहेब ठरवणार होते, धाकटीला कायम करायचं की घरी पाठवायचं.

“फाईल पाठवलीय गं,” थोरली खिडकीकडे बघत म्हणाली. “आता तोंडघशी पडलीस तर माझ्या नावाने खडे फोडू नकोस.”

“नाही फोडत, ताई.”

त्या ‘ताई’ने थोरलीचं डोकं आणखी फिरलं.

दुपारी बैठकीत ड्रॉइंग भिंतीवर उजळलं. थोरलीने वाक्य जुळवून ठेवलं होतं: मी दिलं ते मीटरमध्ये होतं, साहेब, पुढे काय झालं ते हिला विचारा. अगदी जिभेच्या टोकावर.

साहेबांकडे जागेवर जाऊन मोजलेली अंतरं होती. त्यांनी टाकी ते दवाखाना ताडून पाहिलं. बरोबर. फाटकापाशी पाइप वळतो, ते पाहिलं. तेही बरोबर.

“छान! धाकट्या बाई, तुम्ही कायम. अर्थात मूळ फाईलच चोख असणार म्हणा. थोरल्या बाईंची फाईल म्हणजे डोळे मिटून घ्यावी.”

“हो, साहेब,” धाकटी म्हणाली, आणि कागद आवरू लागली.

थोरलीचं जुळवलेलं वाक्य वायाच गेलं. हिने सगळ्यांसमोर उघडं पाडलं असतं तर निदान कडकडून भांडता तरी आलं असतं. हा उपकार तिला मिरचीसारखा झोंबला. तिने धाकटीला जिन्यात गाठलं.

“मोठी साळसूद आलीय! मी मुद्दाम फूट ठेवले, ते बदललेस ना तू? मग साहेबांपुढे तोंड का शिवलंस? जन्मभर मिंधं करून ठेवायचंय मला?”

धाकटीचा पाय पायरीवरच थबकला. कठड्याला धरून ती थोरलीकडे वळली.

“मुद्दाम?” ती म्हणाली. “अहो ताई, मला वाटलं, तुमचं नेहमीसारखंच बदलायचं राहून गेलं असेल.”